हेड फेसिंगला टाकण्याआधी मोजा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, निपाणी या पट्ट्यात जुन्या पेट्रोल लॉऱ्या पुन्हा चालत्या करण्याची हौस अजून टिकून आहे. उद्यमबाग आणि मच्छे या औद्योगिक वसाहतींमुळे लेथ, बोअरिंग, फौंड्री सगळे हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे हे काम आपल्याकडे उत्तम व्हायला हवे. तरीही इंजिनचे हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवले की पहिल्यांदा फेसिंगला, म्हणजे तळ घासून सपाट करायला टाकायचे, ही खोड जात नाही. वर ‘थोडं जास्त घासा, कॉम्प्रेशन वाढेल, पिकअप येईल’ असा सल्लाही मिळतो. या हेडांचे नवे कास्टिंग मिळत नाही आणि घासून गेलेले लोखंड परत येत नाही, म्हणून हे पत्र.

बेडफर्डचे ३५१९ सीसीचे सहा सिलिंडरचे इंजिन घेऊ. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८५.७ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १०१.६ मिमी, म्हणजे एका सिलिंडरला ५८६ सीसी. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे मिश्रण किती पट दाबले जाते तो आकडा, ६.२ धरला तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा सुमारे ११३ सीसी होते. हेडमधल्या चेंबरचे, म्हणजे पेट्रोल पेटते त्या खोलगट जागेचे, तोंड ४५ चौरस सेंमी धरले, तर अर्धा मिमी फेसिंग केल्याने सव्वादोन सीसी कमी होतात आणि रेशो जेमतेम ६.३ वर जातो. चालवणाऱ्याला हा फरक कळणारही नाही. रेशो ७ करायचा तर १५ सीसी कमी करावे लागतात, म्हणजे तीन मिमीहून जास्त लोखंड काढावे लागते. तेवढ्यात हेडचा तळ पातळ होतो आणि वॉटर जॅकेट (पाणी फिरण्याची पोकळी) जवळ येते. व्हॉल्व्ह उघडणारी पुशरॉड तेवढीच लांब राहिल्याने तिच्यावरच्या रॉकरचे टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर मधोमध न पडता कडेला पडते आणि दांड्याची नळी, म्हणजे गाईड, एका अंगाने झिजते.

म्हणून आधी मोजमाप करावे. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उलटे ठेवावे, चेंबरच्या तोंडावर ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची जाड पट्टी दाबावी आणि ब्युरेटने रॉकेल सोडून सीसी मोजावेत. सहाही चेंबरमध्ये एक सीसीपेक्षा जास्त फरक नको. असलाच तर जिथे सीसी कमी आहेत तो चेंबर हाताने ग्राइंड करून बाकीच्यांच्या बरोबरीला आणता येतो. मग स्ट्रेट एज लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या रेषांत ठेवून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घालावा. १५० मिमी अंतरात ०.०५ मिमीचे आणि पूर्ण लांबीत ०.१० मिमीचे पाते जात नसेल, तर फेसिंगची गरजच नाही. जास्त वाक असेल तर तो जाईल एवढेच घासावे आणि किती घासले ते हेडच्या कडेला पंच करून ठेवावे. पुढच्या माणसाला ते कळले पाहिजे.

याच्याही आधी तडा शोधायचा. बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे घातलेल्या रेडिएटरमुळे हेडच्या आत क्षाराचा थर बसतो. एक्झॉस्टच्या भोवती पाणी फिरत नाही आणि दोन सीटमधल्या (व्हॉल्व्ह ज्यावर टेकून बंद होतो त्या कडांमधल्या) अरुंद पुलावर तडा जातो. सगळे वेल्श प्लग (हेडच्या भोकांत ठोकलेल्या पत्र्याच्या चकत्या) काढून हेड कॉस्टिक सोड्याच्या गरम टाकीत उकळावे. हे फक्त बिडाच्या हेडला, अॅल्युमिनियमचे असेल तर सोडा ते खाऊन टाकतो. नंतर पाण्याच्या वाटा प्लेट आणि रबर लावून बंद कराव्यात, तीन ते चार बार दाबाने हवा भरावी आणि हेड ७०–८० अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावे. थंड हेडमध्ये बंद राहणारा तडा गरम झाल्यावर उघडतो आणि बुडबुडे दिसतात. पुलावरच्या तड्याला साध्या आर्क वेल्डिंगचा टाका मारू नये. बीड तिथे एकदम थंड होऊन काचेसारखे ठिसूळ होते आणि वेल्डिंगच्या कडेने नवा तडा जातो. आटे असलेल्या पिना एकमेकींवर चढवून थंड शिवण घालणे हा जास्त भरवशाचा उपाय आहे.

आता खरा बदल, जो या हेडांत केलाच पाहिजे. बऱ्याच जुन्या हेडांत सीट वेगळी नसते, हेडच्याच बिडात कापलेली असते. ती टिकायची पेट्रोलमधल्या शिशामुळे, कारण त्याचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये राहायचा. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. लोड घेऊन तवंदी किंवा चोर्ला घाट चढताना लाल झालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मऊ बिडाला चिकटतो, उचलताना त्याचे कण ओढून नेतो आणि हळूहळू सीटमध्ये खाली बसत जातो. याची खूण नीट लक्षात ठेवावी. इथे टॅपेटचा गॅप, म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यातली फट, वाढत नाही, उलट कमी होत जातो. आवाज येत नाही म्हणून सगळे निर्धास्त राहतात. गॅप संपला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि जळतो.

उपाय म्हणजे सहा एक्झॉस्टला कडक मिश्रधातूच्या सीट रिंगा. इनटेकला सहसा लागत नाहीत. क्रम मात्र चुकवू नये. आधी गाईड बदलून रीमर मारायचा, मग गाईडचाच आधार घेऊन सीटचे घर कापायचे. उलटे केले तर सीट आणि गाईडचा मध्य जुळत नाही आणि नवा व्हॉल्व्हही एका बाजूने गळतो. दांडा आणि गाईडमध्ये इनटेकला ०.०३ ते ०.०६ आणि एक्झॉस्टला ०.०५ ते ०.०८ मिमी मोकळीक पुरे. ४० मिमी बाहेरव्यासाच्या रिंगेला घर ०.०८ ते ०.१० मिमी लहान ठेवावे. कापण्याआधी खाली लोखंड किती आहे ते बघावे, नाहीतर कटर थेट पाण्यात उतरतो. हेड शंभर अंशांपर्यंत तापवून आणि रिंग कोरड्या बर्फात गार करून एका ठोक्यात बसवावी. रिंग घराच्या तळाला पूर्ण टेकलीच पाहिजे. खाली केसाएवढी फट राहिली तरी उष्णता हेडमध्ये उतरत नाही, रिंग सैल होते आणि घाटातच निसटते. मग पिस्टनसकट सगळे जाते.

सीटचा मुख्य कोन बहुधा ४५ अंश असतो, तरी मूळ कोन मॅन्युअलमध्ये बघावा. ३० आणि ६० अंशांच्या कटरने इनटेकची सीट दीड मिमी आणि एक्झॉस्टची दोन मिमी रुंद ठेवावी. एक्झॉस्टची आणखी बारीक केली तर व्हॉल्व्हची उष्णता जायला वाट उरत नाही. निळा रंग लावून पूर्ण गोल छाप उमटतो का ते पाहावे. नुसती पेस्ट लावून तासन्‌तास घासत बसल्याने वाकडी सीट सरळ होत नाही.

जोडताना ब्लॉकच्या आंधळ्या भोकांतले तेल-पाणी हवेने उडवून टाकावे. तिथे द्रव राहिला तर बोल्ट आवळताना ब्लॉकच फुटतो. बोल्ट मधून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळावेत. जुनी ॲस्बेस्टॉसची गॅस्केट खरवडायची तर ओली करून, कोरडी धूळ उडवू नये.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे. त्यातले काही इथेनॉल आपल्याच उसापासून बनते याचा आनंद आहे, पण जुन्या कार्ब्युरेटरला हे पेट्रोल पातळ पडते आणि पातळ मिश्रण (हवा जास्त, इंधन कमी) एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त तापवते. गाडीतल्या पेट्रोलपंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणाऱ्या रबराचा घ्यावा आणि कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारे भोक) एक-दोन पायऱ्या मोठा लावून प्लगचा रंग पाहावा. पांढराफटक प्लग दिसला तर लोड घालू नये.

बेळगावातल्या आयटीआय आणि पॉलिटेक्निकांनी चेंबरचे सीसी आणि प्रेशर टेस्ट ही दोन कामे तरी मुलांकडून हाताने करून घ्यावीत. गाडीमालकांनीही हेड परत घेताना एक चिठ्ठी मागावी. तिच्यावर सहा चेंबरचे सीसी, काढलेल्या लोखंडाची जाडी, गाईडची मोकळीक आणि टॅपेटचे गॅप लिहिलेले असावेत. ५०० किलोमीटरनंतर गॅप पुन्हा मोजून त्याच चिठ्ठीवर शेजारी लिहावेत. एक्झॉस्टचा एखादा गॅप तेवढ्यात कमी झाला असेल, तर लोड घालण्याआधी ती सीट उघडून बघावी.

– हेडकाम करणारे काही कारागीर, उद्यमबाग, बेळगाव