बाबांचा रिपोर्ट नॉर्मल, तरी तोल का जातो

तीर्थरूप आई-बाबांस, सा. न.

आई, लिथियमचा, म्हणजे बाबांच्या मनाच्या आजारावरच्या गोळीचा, रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी बाबांचं चालणं आणि विसरणं तसंच का, हे तू फोनवर विचारलंस. ते नीट लिहूनच सांगते.

मे महिन्यात बाबांना लिथियमची विषबाधा झाली. डायलिसिसने रक्तातलं लिथियम काही तासांत उतरतं, पण मेंदूतून सावकाश निघतं. तोवर मेंदूला, विशेषतः तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूला, इजा झालेली असू शकते. गोळी बंद करून दोन महिने उलटले तरी लक्षणं राहिली तर डॉक्टर त्याला 'सायलेंट सिंड्रोम' म्हणतात. बाबांची गोळी मे महिन्यात बंद झाली, आता चतुर्थी आली. म्हणजे रक्ताचा आकडा याबाबत आता काहीच सांगत नाही.

बाबा, झोकांड्या जाणं, शब्द जड होणं, दोन कामं एकदम सांगितली की दुसरं निसटणं, हे त्या इजेमुळे होत असावं. आई, "लक्ष कुठे असतं तुमचं" असं त्यांना कृपा करून म्हणू नकोस. एका वेळी एकच गोष्ट सांग, ती पूर्ण झाली की पुढची.

तरी सगळं लिथियमच्या माथी मारू नका. टीएसएच (थायरॉइडसाठी), कॅल्शियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि बी-१२ तपासून घ्या. लिथियमने थायरॉइड मंदावू शकतं, कॅल्शियम वाढू शकतं, आणि या दोन्हींनी बुद्धी जड होते. त्यांवर उपचार आहेत.

बांबोळीच्या सरकारी इस्पितळात न्यूरॉलॉजीत (मेंदू-नसांच्या विभागात) दाखवताना तोलाच्या फिजिओथेरपीची आणि स्पीच थेरपीची चिठ्ठी मागून घ्या. व्यायाम रोज थोडा थोडा करायचा, भिंतीला किंवा दांड्याला धरून. न्हाणीत दांडा आणि रबरी मॅट बसवा. अंगणातल्या चिऱ्यांच्या पायऱ्या शेवाळल्यात, त्या घासून घ्या. डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्कूटर नको, बाबा, मापशाच्या बाजारालासुद्धा नको.

फाइलच्या पहिल्या पानावर लिहा: 'लिथियमची विषबाधा, मे'. मे मध्ये जुलाबांनी अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं. अशा वेळी मूत्रपिंड मिठासोबत लिथियमही धरून ठेवतं. त्यात गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक चालू होतं, तेही लिथियम बाहेर पडू देत नाही. पुन्हा लिथियमचा विषय निघाला तर मनोविकारतज्ज्ञांना हे आधी सांगा.

आणि लिथियम नसल्याने जुना आजार उलटू शकतो. दोन रात्री झोप उडाली, बोलणं भरभर झालं किंवा पैसे सढळ हाताने जाऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, आणि मलाही.

तुमची,
ताई