आईच्या गोळ्यांची पिशवी उघडून बघणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

आईच्या डोक्यातली गाठ कापायची नाही, तिच्यावर लक्ष ठेवायचं, असं तुम्ही सांगितलंत. आणि का, हेही आमच्या गळी उतरेपर्यंत सांगितलंत. त्याबद्दल हे पत्र. ओपीडीत बाहेर एवढी माणसं ताटकळत असतात की तिथे आभार मानायला तोंड उघडत नाही. शिवाय असा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या आणखी चार घरांनी हे वाचावं असं मनापासून वाटतं, म्हणून जाहीरच लिहितोय.

आई ओसरीवरून पडली, डोक्याला मार लागला, म्हणून सीटी स्कॅन काढला होता. मार किरकोळ निघाला. पण रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीपाशी काहीतरी दिसतंय असं लिहिलेलं; मग एमआरआय झाला आणि त्यात सात मिलिमीटरची गाठ निघाली. पुढे जो तो घाबरवतच गेला. एका ठिकाणी तर आईला हातही न लावता ऑपरेशनचा खर्च चिठ्ठीवर लिहून दिला. घरात वावर विकायची बोलणी सुरू झाली. आईचं एकच, "डोक्यात गाठ हाय म्हणल्यावर झोप कशी यील रे?"

सेलूहून रेल्वेने संभाजीनगरला तुमच्याकडे आलो, तर तुम्ही एमआरआयची पिशवी बाजूला ठेवलीत आणि आईला विचारलंत, "मावशी, जोडवी घट्ट व्हायला लागलीत का? चपलेचा नंबर वाढलाय का?" आई माझ्या कानाशी लागली, "डोक्याच्या डॉक्टरीनबाई पायाचं काहून इचारायल्यात?" मग तुम्ही सांगितलंत. गाठ वाढीचं हार्मोन जास्त बनवत असेल तर हातपाय, जबडा वर्षानुवर्षं जाड होत जातो, पण इतका हळू की रोज बघणाऱ्या घरच्यांना कळतही नाही. म्हणून माझ्या लग्नातला आईचा फोटो मोबाईलवर मागवून घेतलात आणि तो तिच्या चेहऱ्याशेजारी धरून पाहिलात. तरीही रक्ताची तपासणी लिहिलीतच. आईला शुगर आणि बीपी दोन्ही, म्हणून कॉर्टिसॉल, म्हणजे जास्त झालं की शुगर-बीपी वाढवणारं हार्मोन, तेही बघितलंत: रात्री अकराला एक गोळी, सकाळी आठला रक्त.

आणि ती गोळ्यांची पिशवी! आधीच्या तपासणीत प्रोलॅक्टिन, म्हणजे पिट्युटरीतच बनणारं अंगावर दूध आणणारं हार्मोन, वाढलेलं होतं आणि ते गाठीमुळेच, असं सगळ्यांनी धरून टाकलं होतं. तुम्ही पिशवी टेबलावर रिकामी केलीत, एकेक पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचलीत आणि पित्ताच्या गोळीवर बोट ठेवलंत. त्यात डोमपेरिडोन होतं. आई ती रोज सकाळी चहाआधी घ्यायची, गावातल्या मेडिकलवरून आणून. त्या औषधाने प्रोलॅक्टिन वाढतं. गोळी बंद केली, काही दिवसांनी रक्त पुन्हा तपासलं, आकडा नॉर्मल आला. तुम्ही हेही बोललात की गाठच प्रोलॅक्टिन बनवत असती, तरी पहिला उपचार बहुतेक वेळा कॅबरगोलिनच्या गोळ्यांचा असतो, आणि बऱ्याच जणांची गाठ त्यावर लहान होते. हे आम्हाला तोवर कोणीच सांगितलं नव्हतं.

केसपेपरच्या मागे तुम्ही काढलेलं चित्र अजून घरात आहे. नाकाच्या मागे, मेंदूच्या तळाशी, हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी ग्रंथी आणि तिच्या वर डोळ्यांच्या नसांची फुली. दहा मिलिमीटरच्या आतली गाठ ती लहान. अशा बारीक गाठी साधारण दहातल्या एका माणसाच्या पिट्युटरीत सापडू शकतात. बहुतेकांना त्या जन्मभर कळत नाहीत, आणि त्यांत कॅन्सर निघणं फारच दुर्मीळ. लहान गाठींपैकी ढोबळमानाने दहातली एखादी पुढे वाढते, दहा मिलिमीटरच्या वरच्यांपैकी चारातली एक. म्हणून मोठ्या गाठीचा एमआरआय सहा महिन्यांनी, लहानीचा वर्षाने. गाठ नसांना टेकली असेल तर नजरेची कड तपासायची. आईची टेकत नव्हती, म्हणून ती तपासणी तुम्ही लिहिलीच नाहीत. गरज नसलेली तपासणी न लिहिणारा डॉक्टर भेटणं ही आमच्यासारख्यांसाठी किती मोठी गोष्ट आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल असं नाही.

वर्षाने एमआरआय झाला आणि रिपोर्टवर आठ मिलिमीटर! सातचे आठ. थोरल्या भावाने परत वावराचा विषय काढला. तुम्ही मात्र जुनी सीडी मागितलीत. दोन्ही चित्रं स्क्रीनवर शेजारी शेजारी लावलीत, तोच काप, म्हणजे डोक्याचा तोच थर, शोधलात आणि आमच्यासमोर दोन्हीकडे मोजलंत. गाठ होती तेवढीच होती. काप जरा वरखाली झाला किंवा मोजणारा बदलला, तरी एखाद्या मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणालात. मला त्या दिवशी जे समजलं ते सगळ्यांना कळायला हवं: एका एमआरआयवरून गाठ वाढतेय की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. एमआरआयचा जुना फोटो जपून ठेवा, सीडी फेकू नका, आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना दोन्ही शेजारी ठेवून बघायला सांगा. एका आकड्यावर वावर विकायला निघालेली घरं मी पाहिली आहेत. त्यातलं एक आमचंच होतं.

तुम्ही मराठीत लिहून दिलेला कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. अचानक असह्य डोकेदुखी, उलट्या, अंधुक किंवा दोन दोन दिसणं, पापणी खाली येणं. यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता मोठं हॉस्पिटल गाठायचं, कारण गाठीत रक्तस्राव झालेला असू शकतो. धाकट्या सुनेला तो पाठ आहे.

आई आता झोपते. सोयाबीनच्या काढणीत सगळ्यांच्या आधी वावरात होती.

पुढचा एमआरआय कापसाची वेचणी उरकली की करून घेतो, त्याच सेंटरवर, तुम्ही सांगितलं तसं. दोन्ही सीडी बरोबर आणतो. गुडघ्यासाठी आईने गावात एक नवीन गोळी सुरू केलीय, तिचं पाकीटही पिशवीत टाकलंय, तेवढं बघाल.

आपला नम्र,
तुमच्या एका पेशंटचा मुलगा
तालुका सेलू, जिल्हा परभणी