निकालाच्या संकेतस्थळाची रंगीत तालीम घ्या

महोदय,

दहावी-बारावीचा निकाल दुपारी एक वाजता ऑनलाइन लागतो. आसनक्रमांक आणि आईचे नाव टाकून मुले तयारच असतात. एकाच मिनिटात लाखो घरांतून तेच बटण दाबले जाते. १६ जुलै २०२१ रोजी दहावीच्या निकालाची संकेतस्थळे कित्येक तास उघडत नव्हती, हे पालक विसरलेले नाहीत.

ही गर्दी अचानक येत नाही. तारीख, वेळ, विद्यार्थ्यांची संख्या सारे आधीच ठाऊक असते. शिवाय निकाल एकदा लागला की त्यातले गुण त्या दिवशी बदलत नाहीत. मग प्रत्येक विद्यार्थ्यासाठी मूळ डेटाबेस (निकालांचा माहितीसाठा) नव्याने का धुंडाळायचा? प्रत्येकाचे गुणपत्रकाचे पान आदल्या रात्रीच तयार करून वेगवेगळ्या शहरांतल्या सर्व्हरवर ठेवता येते. त्या पानावर जड चित्रे आणि जाहिराती तर नकोतच. खेड्यातल्या अशक्त नेटवर्कवर त्यांच्यामुळेच खोळंबा होतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अपेक्षेच्या दुप्पट भार कृत्रिमरीत्या टाकून आठवडाभर आधी चाचणी घ्यावी आणि तिचा अहवाल जाहीर करावा. पान उघडले नाही की मुले ते पुन्हापुन्हा उघडू पाहतात आणि भार आणखी वाढतो. त्यापेक्षा ‘आपण रांगेत आहात, पान आपोआप उघडेल’ अशी सूचना दिसली, तर घाबरलेल्या मुलाला तेवढा धीर येईल. डिजिलॉकर या सरकारी कागदपत्रांच्या ॲपवरही निकाल मिळतो, हे शाळांनी आधीच्या आठवड्यातच पालकांना सांगावे.

– एक पालक, सांगली