गायकाच्या भुताची गोष्ट सांगताना त्याच्या मृत्यूचे कारणही सांगावे

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. अमेरिकेतील 'कंट्री' संगीताचा गायक हँक विल्यम्स याच्या भुताबद्दलच्या आख्यायिका आपल्या रविवार पुरवणीत वाचल्या. नॅशव्हिलच्या रायमन सभागृहाच्या रिकाम्या रंगमंचावर ऐकू येणारा त्याचा आवाज, सभागृहामागच्या बोळात दिसणारी उंच, सडपातळ, टोपी घातलेली आकृती, हे वर्णन वाचकाला खिळवून ठेवणारे होते. मात्र एवढा मजकूर वाचूनही हा माणूस एकोणतिसाव्या वर्षी कशामुळे मेला, हे वाचकाला कळले नाही, आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

हँकचा जन्म १९२३ मध्ये अलाबामा राज्यातील एका गरीब कुटुंबात झाला. त्याच्या पाठीच्या कण्यात जन्मतःच दोष होता आणि ते दुखणे त्याला आयुष्यभर पुरले. गाण्याचे पहिले धडे त्याला रूफस पेन या रस्त्यावर गाणाऱ्या कृष्णवर्णीय कलावंताकडून मिळाले. ११ जून १९४९ रोजी रायमनमध्ये होणाऱ्या 'ग्रँड ओल ऑप्री' या प्रसिद्ध रेडिओ कार्यक्रमात तो पहिल्यांदा गायला, तेव्हा श्रोत्यांनी त्याला पुन्हापुन्हा गायला लावले होते. पुढे पाठदुखी वाढत गेली, डिसेंबर १९५१ मध्ये कण्यावर शस्त्रक्रिया झाली, दारू सुटली नाही, कार्यक्रम चुकू लागले आणि ऑगस्ट १९५२ मध्ये ऑप्रीने त्याला काढून टाकले. ज्या रंगमंचाने त्याला दूर केले तिथेच त्याचा आत्मा घुटमळतो, ही कथा याच प्रसंगातून जन्मली असावी.

त्याच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्यावर 'उपचार' करणारा माणूस डॉक्टरच नव्हता. वैद्यकीय शिक्षण न घेता विकत घेतलेल्या प्रमाणपत्रावर तो डॉक्टर म्हणून वावरत होता आणि दारूत बुडालेल्या रुग्णाला क्लोरल हायड्रेट हे गुंगीचे औषध लिहून देत होता. ३१ डिसेंबर १९५२ रोजी खराब हवामानामुळे विमान मागे फिरले, तेव्हा हँक नॉक्सव्हिलच्या हॉटेलात उतरला. तिथे बोलावलेल्या डॉक्टरने त्याला 'बी-१२' जीवनसत्त्व आणि मॉर्फिन यांची इंजेक्शने दिली. नंतर हॉटेलच्या नोकरांनी त्याला अक्षरशः उचलून कॅडिलॅक गाडीत ठेवले, कारण नववर्षाच्या दिवशी ओहायोतील कँटन येथे कार्यक्रम ठरलेला होता. गाडी चालवायला कॉलेजात शिकणारा एक तरुण होता. १ जानेवारी १९५३ रोजी पहाटे वेस्ट व्हर्जिनियातील ओक हिल या गावी मागच्या आसनावरचा गायक निष्प्राण असल्याचे त्याच्या लक्षात आले. हृदय निकामी झाल्याचे कारण नोंदवले गेले. कँटनमध्ये ही बातमी मंचावरून सांगितली तेव्हा, हाही कार्यक्रम चुकवण्याचा बहाणा आहे असे वाटून काही श्रोते आधी हसले होते. या सगळ्यात भूत शोधायला जावे अशी जागा मला कुठेही दिसत नाही.

'या जगातून मी काही जिवंत सुटणार नाही' अशा अर्थाचे त्याचे गाणे मृत्यूच्या वेळी बाजारात होते, म्हणून त्याला स्वतःचे मरण आधीच कळले होते, असेही सांगितले जाते. प्रत्यक्षात ते नशीब फुटक्या माणसाच्या तक्रारींचे हलकेफुलके, विनोदी गाणे आहे. गायक मेल्यावर लोकांना त्यात भविष्यवाणी ऐकू येऊ लागली, एवढेच.

अशा कथा माणसे का रचतात, हे मराठवाड्यातील वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. अकाली गेलेल्या मुलाचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर राहतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामागचे दुःख खरे असते आणि त्याची चेष्टा करण्याचा माझा हेतू नाही. १९८३ साली अमेरिकेत गाजलेल्या एका गाण्यात मॉन्टगोमेरीहून नॅशव्हिलकडे निघालेल्या होतकरू गायकाला जुन्या कॅडिलॅकमधला हँक वाटेत गाडीत घेतो. ती कलावंताने पूर्वसुरीला वाहिलेली आदरांजली आहे आणि तिचे मोल मी मानतो. वर्तमानपत्राचे काम मात्र वेगळे आहे.

माळेगावच्या खंडोबाची यात्रा याच कडाक्याच्या थंडीत भरते. तमाशाचे फड, लावणीच्या पार्ट्या, वाघ्या-मुरळी रात्र-रात्र जागतात आणि पहाटे तशाच अवस्थेत पुढच्या गावाला निघतात. नवरात्रात तुळजापूरकडे जाणारे आराधी मेळे, लग्नसराईत गावोगाव फिरणारे गोंधळी, जयंतीच्या दिवसांत एका रात्री दोन-दोन ठिकाणी गाणारे भीमगीतांचे गायक, यांची कथा फारशी वेगळी नाही. घसा बसला की गावातल्या बोगस डॉक्टरचे इंजेक्शन, पाठ धरली की गोळी, झोप उडवायला आणि आणायला दारू, आणि चालकही रात्रभर जागाच. एखाद्या वळणावर अशी गाडी उलटली की काही महिन्यांतच तिथे 'बाई दिसते', 'ढोलकी ऐकू येते' अशी वदंता पसरते. वळणावर फलक का नव्हता, चालक किती तास जागा होता, सुपारी देणाऱ्याने मुक्कामाची सोय का केली नाही, हे मग कोणी विचारत नाही. शासनाची मानधन योजना आहे, पण ती ज्येष्ठ कलावंतांसाठी; तिशीतच गेलेल्याच्या घरी ती पोहोचत नाही.

आमच्या परभणीचे कवी-कथाकार बी. रघुनाथ हेही १९५३ सालीच, अवघ्या चाळिशीत गेले. त्यांच्या स्मृतिदिनी आजही लोक जमतात, त्यांच्या कविता वाचतात, त्यांच्या लेखनावर बोलतात. हँकच्या वाट्याला असे स्मरण आले नाही असे नाही. मॉन्टगोमेरीत त्याचे संग्रहालय आहे आणि ती कॅडिलॅकही तिथे जपली आहे. आपल्या पुरवणीतून मात्र त्याची केवळ सावली वाचकांपर्यंत पोहोचली.

म्हणून दोन विनंत्या करतो. हँक विल्यम्सच्या आयुष्यावर आणि त्याच्या गाण्यांवर एक स्वतंत्र लेख प्रसिद्ध करावा. आणि येत्या माळेगाव यात्रेच्या वेळी आपल्या वार्ताहराला एखाद्या फडासोबत रात्रभर, खेळ संपल्यानंतरच्या प्रवासासह, पाठवावे व त्याने पाहिलेले जसेच्या तसे छापावे.

आपला,
एक नियमित वाचक, परभणी