रविवारच्या शिवण सत्राबाबत सूचना

सर्व सदस्यांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत आपल्या नेहमीच्या खोलीत अस्तर लावलेली कापडी पिशवी शिवण्याचे सत्र होईल. नवीन सदस्यांनीही निःसंकोच यावे.

१. सुती कापड आधी धुऊन, वाळवून आणि इस्त्री करूनच आणावे. न धुतलेले सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, आणि बाहेरचे कापड व अस्तर कमी-अधिक आटले तर नीट शिवलेली पिशवीही चुण्या पडून वेडीवाकडी होते. म्हणून या बाबतीत कृपया सवलत मागू नये.

२. शिलाई मशीनला नवी सुई लावून आणावी. मध्यम जाडीच्या सुती कापडाला ८०/१२ क्रमांकाची, तर जाड कापडाला ९०/१४ क्रमांकाची सुई योग्य ठरते. बोथट सुईमुळे टाके सुटतात आणि दोष मात्र उगाच दोऱ्याला दिला जातो.

३. कापडाची कात्री कागदासाठी वापरू नये.

ज्यांच्याकडे मशीन नाही, त्यांनी शुक्रवारपर्यंत गटात कळवावे, म्हणजे जोडीने काम करण्याची व्यवस्था करता येईल. हाताने उलटी टीप घालूनही ही पिशवी पक्की शिवता येते.