चिकाटीचंही बक्षीस असावं

संपादक महोदय,

माझा नातू सांगलीतल्या एका कॅथलिक शाळेत सहावीला आहे. मी एसटीचा निवृत्त कंडक्टर. आमच्या घरात आजवर शाळेचं बक्षीस कुणी आणलं नव्हतं. यंदाच्या स्नेहसंमेलनात सिस्टरांनी त्याचं नाव पुकारलं तेव्हा मला आधी खरंच वाटेना. गणितात १९ गुणांवरून ३८ वर आला, म्हणून ‘सर्वाधिक प्रगती’चं प्रमाणपत्र! पहिल्या तिघांना ढाली होत्या, याला नुसता कागद. पण तो त्यानं दप्तरात घातला नाही. सांगलीवाडीला परतताना आयर्विन पुलावर वारा सुटला, तर शर्टाच्या आत छातीशी धरला.

त्यावर वर्गशिक्षिकेनं शाईपेनानं लिहिलंय : ‘रोज एक उदाहरण जास्त सोडवलं.’ आपले कष्ट कुणीतरी बघत होतं, हे पोराला त्या ओळीनं कळलं.

शिक्षकांचे आश्रयदाते संत जॉन बाप्टिस्ट द ला साल यांनी सुमारे तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या आपल्या शाळांत भक्ती, हुशारी आणि चिकाटी अशी तिन्हींची वेगवेगळी बक्षिसं ठेवली होती. चिकाटीचं बक्षीस आपल्याकडे मात्र क्वचितच दिसतं.

संमेलनाची वाट न बघता दर महिन्याला प्रार्थनेच्या वेळी असं एखादं नाव घ्यावं. जिल्हा परिषदेच्या शाळांनाही हे जमेल, खर्च कागदाचाच. फक्त सरसकट वाटू नये, खोटं कौतुक पोरांना लगेच कळतं.

– एक आजोबा, सांगलीवाडी