लायसन मिळालं, आता हत्यार कुठलं घ्यायचं?

मा. संपादक, स.न.

बीडच्या शस्त्रपरवान्यांचा विषय एवढा गाजला, पण सगळी चर्चा लायसन कुणाला दिलं यावरच झाली. ज्यांच्याकडे ते आहे त्यांनी हत्यार कुठलं घ्यावं, घरात कसं ठेवावं यावर कुणी ओळभर लिहीत नाही. मी फौजेतून रिटायर झालेला माणूस, आमच्या भागात कुणाला लायसन मिळालं की तो मलाच विचारायला येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "अप्पा, पिस्तूल घेऊ का रिव्हॉल्व्हर, कुठलं भारी दिसतंय?"

दिसण्याचं काय लोणचं घालायचंय का? 9 एमएम आणि .38 आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं माप), सामान्य माणसाला मिळत नाही, त्यामुळे फिरून गाडी .32 वरच येते. आयात 1980 च्या दशकातच बंद झाली म्हणून जुनं विलायती कुणी विकायला काढलं की भाव ऐकून डोळे पांढरे होतात, तरी लोक नावासाठी घेतात. माझं म्हणाल तर त्यापेक्षा कानपूरच्या सरकारी कारखान्याचं नवं रिव्हॉल्व्हर बरं. जुन्या कित्येक रिव्हॉल्व्हरना घोड्याखाली (घोडा म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा भाग) अडसर नसतो, असला तर झिजलेला असतो, हातातून पडलं आणि घोडा आपटला की बार उडालाच. ऑक्टोबर 2024 मध्ये अभिनेते गोविंदा यांच्या पायात गोळी घुसली ती त्यांच्याच लायसनच्या रिव्हॉल्व्हरची, कपाटात ठेवताना हातातून निसटलं म्हणून. जुनं वापरायचंच असेल तर आधी जाणत्या कारागिराला दाखवा आणि घोड्यासमोरचं काडतुसाचं घर रिकामं ठेवा, सहाच्या जागी पाच राउंड (काडतुसं), काही बिघडत नाही.

पिस्तूल चपटं असतं, शर्टाखाली छान बसतं हे खरं. पण मॅगझीन (काडतुसांचा डबा) काढलं म्हणजे हत्यार रिकामं झालं असं समजणारे लायसनदार मी पाहिलेत, चेंबरमधला, म्हणजे नळीत चढलेला राउंड तसाच आत! शिवाय राउंड अडकला तर अंधारात स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढून तो काढायला हात बसलेला लागतो. रिव्हॉल्व्हरमध्ये एक काडतूस फुसकं निघालं तर परत चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. म्हणून घरासाठी रिव्हॉल्व्हरच. आणि हो, दोन्ही .32 असली तरी काडतुसं वेगळी, एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

2014 ला कानपूरनं बायकांसाठी म्हणून निर्भीक काढलं, 500 ग्रॅमच्या आसपास, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. पर्समध्ये मावतं, पण हत्यार जेवढं हलकं तेवढा झटका जास्त. घोडा न चढवता मारायचं तर चाप जड लागतो, म्हणून दुकानात विचारून रिकाम्या हत्यारावर चाप ओढून बघा, नळी जागची हलली तर ते तुमच्या हाताचं नाही, मग ते कितीही चकचकीत असो.

आता घराचं. पत्रा किंवा प्लायवूडचं पार्टिशन गोळी अडवत नाही आणि पलीकडे आपलीच पोरं झोपलेली असतात. आधी दाराला नीट कडी, अंगणात लाइट, जमलं तर कुत्रं, हत्यार त्यानंतर. उशीखाली तर अजिबात नको, कुलपाच्या पेटीत ठेवा आणि चावी कुठे आहे ते पोरांना कळू देऊ नका. आणि निवडणूक लागली की कित्येकांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं, 2024 ला तर लोकसभा आणि विधानसभा दोन्ही झाल्या, तेवढे दिवस घर कुणाच्या भरवशावर होतं?

बाहेर नेताना होल्स्टरमध्ये, झाकलेलं, असं 2016 चे शस्त्र नियमच सांगतात. वरातीत हवेत बार काढणाऱ्याला शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, तरी रील काढायची हौस फिटत नाही.

लायसन घेऊन वर्षानुवर्षं एक राउंडही न मारलेली माणसं आमच्याच तालुक्यात आहेत. जिल्हा पोलिसांनी आपल्या रेंजवर वर्षातून एक दिवस लायसनदारांना बोलवावं, गोळ्यांचा खर्च ज्याचा त्यानं करावा, आणि जो येणार नाही त्याचं रिन्यूअल अडवावं.

एक माजी सैनिक, कोरेगाव, जि. सातारा